पत्त्यांचा कौल

श्रोतेहो, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मनुष्य आहे' हे गेली अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि सॉक्रेटिसही दर वर्षी जून-जुलैच्या सुमारास नियमाने मरत आला आहे. अशा माणसाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, रात्री साडेनऊ वाजता, कोणता कुत्रा पाळावा हे ठरवण्यासाठी पत्ते मांडले जातात, ही गोष्ट खरे म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पण रेडिओवर बोलणाऱ्याचे तोंड दिसत नाही ही मोठी सोय आहे. म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमचा मोती गेला. चौदा वर्षांचा होऊन गेला, म्हणजे कुत्र्याच्या हिशेबाने पिकलेच पान. त्यानंतर घरात पुन्हा जनावर नको असे आम्ही सर्वांनी एकमताने ठरवले. त्याचा पितळी वाडगा मात्र कोणीच मोडीत घातला नाही. तो स्वयंपाकघरात ओट्याखाली तसाच राहिला. केर काढताना उचलायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा.

मग मागच्या दिवाळीनंतर माझ्या पत्नीच्या शाळेतल्या एका बाईंकडे लॅब्रॅडॉर कुत्रीला सात पिल्ले झाली. त्यांतले एक आम्हाला देऊ केले. फिकट पिवळे, मऊ, पोट जमिनीला टेकेल असे गुटगुटीत. 'आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय आईपासून तोडणार नाही,' असे त्या बाईंनी बजावले होते, आणि ते अगदी शहाणपणाचे होते. आठ आठवडे रविवारी पुरे होत होते. तोवर हो की नाही ते कळवायचे.

दुसरी उमेदवार आमच्या इमारतीच्या जिन्याखाली आधीच मुक्कामाला होती. तिचे नाव खारी. वॉचमनच्या चहाबरोबरची खारी खाते म्हणून खारी, आणि रंगही भट्टीतून काढलेल्या खारीसारखाच. वय असेल चार-पाच. मागचा उजवा पाय रिक्षाखाली सापडून मोडलेला आणि जरा वाकडाच जुळलेला. कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी करून सोडलेली. आमच्या कन्येचे म्हणणे असे, की दारात एक जीव असताना दुसरीकडून जीव आणायचा कशाला? माझ्या पत्नीचे म्हणणे, आणायचे तर पिल्लू आणू, नाहीतर काहीच नको. कन्या सोळा वर्षांची आहे. तिने आईला 'तुला फक्त दिसायला छान कुत्रा हवा' असे सुनावले आणि घरात दोन दिवस भांडी जरा मोठ्याने आपटू लागली.

या दोघींच्या मध्ये मी होतो. मी काय केले? मी दोन्ही बाजू कशा बरोबर आहेत ते समजावून सांगितले. हे आमच्या धंद्यातले व्यसन आहे. माझे वडील, अण्णा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते वर्तमानपत्राच्या मागे होते, तिथून बाहेर आले नाहीत.

शेवटी कन्या म्हणाली, "बाबा, तू मत देत नाहीस, अण्णा बोलत नाहीत. मग आपण पत्त्यांना विचारू या."

"पत्त्यांना कुत्र्यातलं काय कळतं?" मी विचारले.

"तुला तरी काय कळतं?" ती म्हणाली.

हे पत्ते म्हणजे आपले रमीचे पत्ते नव्हेत. वाढदिवसाच्या पैशांतून तिने टॅरोचा कॅट आणला होता. हल्ली पुण्यामुंबईकडे टॅरो पाहणारी पुष्कळ माणसे आहेत. ती फोनवरूनसुद्धा सल्ला देतात, आणि लग्न, नोकरी, परदेशगमन यांच्या जोडीने दोन मांजरांपैकी कोणते घरी आणू, असेही त्यांना विचारणारे भेटतात. कन्येच्या मैत्रिणींत तर अमकीशी पुन्हा बोलायला सुरुवात करावी की नाही हेदेखील पत्ते ठरवतात. वादात हरायचे नाही म्हणून मी दोन दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात बसून या पत्त्यांची कुळकथा चाळली. ती ऐकण्यासारखी आहे.

टॅरोच्या कॅटात 78 पत्ते. त्यांतले 56 आपल्या पत्त्यांच्याच जातीचे: चार रंग, प्रत्येकाचे चौदा. फक्त इस्पिक, बदाम, किलवर, चौकट यांच्या जागी तलवारी, पेले, काठ्या आणि नाणी. उरलेले 22 चित्रांचे: सूर्य, चंद्र, संन्यासी, मृत्यू, मूर्ख, असे. हे 22 पाहून छातीत जरा धस्स होते खरे, पण मुळात ते काय होते? हुकूम! खेळात जसा आपण हुकूम बोलतो तसे हे कायमचे हुकूम. पंधराव्या शतकात, 1440 च्या सुमारास, उत्तर इटलीतल्या सरदार घराण्यांत हा खेळ निघाला. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. फ्रान्समध्ये चार माणसे जमली की अजून टॅरो खेळतात, भविष्य न विचारता.

भविष्य त्यात शिरले ते साडेतीनशे वर्षांनी. 1781 साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या पंडिताने लिहून टाकले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे. गंमत अशी की इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने तिचा उलगडा केला 1822 साली. पण तोवर पॅरिसमध्ये पत्ते पाहणाऱ्यांचा धंदा जोरात चालू झाला होता. त्यांतल्या एकाचे आडनाव आलिएत. ते उलटे लिहून त्याने 'एत्तेला' असे गूढ नाव धारण केले. बुवाबाजीची ही युक्ती सार्वदेशीय दिसते. हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी उभा करणारा विद्वान कोण, तर ऑक्सफर्डचे मायकेल डमेट. तर्कशास्त्रावर भारी ग्रंथ लिहिणारा हा माणूस, आणि 1980 साली त्याने टॅरोच्या खेळावर जाडजूड पुस्तक लिहिले. आमच्याच पंथाचा माणूस निघाला म्हणून मला कोण आनंद झाला!

माझे आजोळ सावंतवाडीकडचे. तिथल्या गंजिफा आपल्याला माहीत आहेत. गोल, लाखेच्या रोगणाच्या, दशावताराचे दहा रंग आणि 120 पाने. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक अमदानीतले जुने पत्ते आहेत, त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या आहेत, आणि 'कंजिफा' हा शब्दही आहे. म्हणजे कन्येचे ते गूढ पत्ते आणि माझ्या आजोळच्या गंजिफा लांबच्या नात्याने भावंडे लागतात. पण आमच्या आजोळी मत्स्य, कूर्म, वराह हातात धरून म्हातारी माणसे दुपारभर भांडली. म्हैस घ्यावी की गाय, हे मात्र त्यांनी त्या पानांना कधी विचारले नाही. त्यासाठी वेगळी सोय होती. ती पुढे सांगतो.

कन्येच्या कॅटातली चित्रे लंडनमध्ये 1909 साली निघाली. आर्थर वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचा हात. बाईंनी जवळजवळ ऐंशी चित्रे काढली, आणि काम फार मोठे, पैसे मात्र अगदी थोडे, अशा अर्थाचे एका स्नेह्याला कळवले. त्या 1951 साली गरिबीतच गेल्या. या बाईंना जनावरांची आवड असावी. सूर्याच्या पत्त्यावर पांढरा घोडा, काठ्यांच्या राणीच्या पायाशी काळे मांजर, चंद्राच्या पत्त्यावर एक कुत्रा आणि एक लांडगा आभाळाकडे तोंड करून उभे. 'मूर्ख' नावाच्या पत्त्यावर एक तरुण कड्याच्या टोकाशी आपल्याच तंद्रीत उभा आहे आणि पायाशी छोटा पांढरा कुत्रा उड्या मारतो आहे. जुन्या फ्रेंच पत्त्यावर हेच जनावर मूर्खाच्या मांडीला पंजे लावून त्याला ओरबाडते आहे असे वाटते. एकाच पत्त्यावरचे एकच जनावर, एका देशात ओरबाडते, दुसऱ्या देशात बागडते. मग त्याचा अर्थ काय लावायचा?

हे सगळे मी शनिवारी जेवताना घरच्यांना ऐकवले. कन्येने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "झालं? आता टेबल पुसून घे."

तिने पत्ते पिसले. प्रत्येक कुत्र्यासाठी तीन पत्ते काढायचे. पहिला, हे जनावर आपल्याला काय देईल. दुसरा, ते आपल्याकडे काय मागेल. तिसरा, शेवट कसा होईल. तिसरा प्रश्न तिने जरा हळू आवाजात सांगितला. मोतीचा शेवट सगळ्यांनी पाहिला होता.

पिल्लाचा पहिला पत्ता निघाला सूर्य. घोड्यावर बसलेले हसरे मूल, मागे सूर्यफुले. पत्नीने माझ्याकडे विजयाने पाहिले. दुसरा निघाला काठ्यांची दश्शी. एक माणूस दहा लांब काठ्यांची मोळी कवटाळून, पाठीत वाकून चालला आहे; समोरचे त्याला काही दिसत नाही. कन्या पुस्तिकेत अर्थ शोधत होती, तेवढ्यात पत्नी म्हणाली, "पुस्तक कशाला हवं? ही मी आहे."

कोणी काही बोलले नाही. मग ती बोलू लागली. मोतीचे शेवटचे आठ महिने. मागचे पाय गेलेले. रात्रीतून तीन वेळा उठून त्याची कूस बदलायची, खालचे फडके बदलायचे, जखमा धुवायच्या, आणि सकाळी सातची शाळा. "तुम्ही तेव्हा पेपर तपासत होता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आणि मी खरोखरच पेपर तपासत होतो. युनिव्हर्सिटीचे पेपर होते, मुदत होती, सगळे खरे. पण आठ महिने पेपर नव्हते.

"मला गोरागोमटा कुत्रा नकोय गं," ती मुलीला म्हणाली. "मला एवढंच हवंय की ते दिवस परत लवकर येऊ नयेत. पिल्लू आणलं तर मधे दहाबारा वर्षं तरी मिळतील. ही खारी आत्ताच लंगडते. आणखी पाच वर्षांनी कोण उचलणार तिला?"

श्रोतेहो, दोन आठवडे आमच्या घरात या विषयावर वाद चालू होता, पण हे वाक्य त्यात एकदाही आले नव्हते. मी ज्याला दोन्ही बाजूंचा समतोल विचार म्हणत होतो, त्यात ही बाजूच नव्हती.

पिल्लाचा तिसरा पत्ता, पेल्यांची अठ्ठी. रात्रीची वेळ, मांडून ठेवलेले पेले मागे टाकून कोणी एक हातात काठी घेऊन डोंगराकडे निघाला आहे, पाठ आपल्याकडे. यावर कन्याच गप्प झाली. दोन वर्षांनी बारावी होईल, आणि तिला बाहेरगावी शिकायला जायचे आहे हे तर आम्हीच बोलत असतो. लॅब्रॅडॉर दहाबारा वर्षे जगतो. म्हणजे ती घरी असेल दोन वर्षे, आणि उरलेली आठ-दहा आमची. "हे मी धरलंच नव्हतं," ती म्हणाली.

खारीचे पत्ते. पहिला, काय देईल: नाण्यांची पंजी. बर्फात दोन फाटके भिकारी चालले आहेत, एकाच्या काखेत कुबड्या, वर देवळाची उजेडाची खिडकी. काय देईल, या प्रश्नाला हे उत्तर! आम्ही सगळेच हसलो, आणि हसल्याने जरा बरे वाटले. दुसरा, तलवारींची दुर्री, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई. यातून कोणालाच काही निघेना. पुस्तिकेत तीन ओळी होत्या, त्या पंचांगातल्या वर्षफलासारख्या कोणालाही बसणाऱ्या. तिसरा, नाण्यांची दश्शी. कमानीखाली एक म्हातारा बसला आहे, अंगात वेलबुट्टीचा झगा. समोर दोन कुत्री त्याच्याकडे बघत आहेत, आणि एक लहान मूल हळूच एका कुत्र्याला हात लावते आहे.

अण्णांनी चष्मा मागितला. पत्ता दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. "हा मी नव्हे," ते म्हणाले, "माझ्याकडे एवढा झगा नाही." मग पत्ता खाली ठेवून म्हणाले, "श्रावणात मी जिन्यावर पडलो होतो. तुम्हाला सांगितलं नाही. लागलं नाही फारसं. पण ते पिल्लू वर्षात तीस किलोचं होईल. माझ्या हातात साखळी दिलीत तर ते पुढं आणि मी मागनं."

"मग खारीच आणू या ना, अण्णा!" कन्या म्हणाली.

"आणायची कशाला?" अण्णा म्हणाले. "ती आहेच की. रोज सकाळी माझ्यातली अर्धी खारी कोण खातं?"

डॉक्टरांनी अण्णांना मैद्याचे आणि तुपाचे पदार्थ बंद केले आहेत. तेव्हा या वाक्याने एकाच वेळी दोन गुन्हे कबूल झाले. ते वर्षभर सकाळी फिरायला म्हणून खाली जात आणि वॉचमनच्या बाकावर बसून दोघे मिळून एक खारी संपवत.

त्या रात्री निर्णय झाला नाही. पत्ते टेबलावरच राहिले.

सकाळी घरात कोणी उठले नव्हते, तेव्हा माझ्यातला तर्कशास्त्राचा मास्तर जागा झाला. मी सहाही पत्ते पुन्हा मांडले, पण उलटे: पिल्लाचे खारीला आणि खारीचे पिल्लाला. आणि काय सांगू, तितकेच चपखल बसले! खारी काय देईल? सूर्य: ती दिवसभर पार्किंगमधल्या उन्हात तर पडलेली असते. काय मागेल? दहा काठ्यांचा भार: लंगडा पाय. पिल्लू काय देईल? भीक: त्याचा खाण्याचा, डॉक्टरांचा खर्च मास्तराच्या पगारात! शेवटी म्हातारा आणि कुत्रा: दहाबारा वर्षांनी तो म्हातारा मीच. म्हणजे त्या पत्त्यांत ना खारीची काही माहिती होती ना पिल्लाची. आपण जे आणून ठेवतो तेवढेच त्यात सापडते.

1948 साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाने हे वर्गातच करून दाखवले होते. त्याने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचे वर्णन' म्हणून एक कागद दिला. ते किती बरोबर आहे याला पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारांच्या वर गेली. मग कळले की कागद सर्वांना एकच दिला होता, आणि त्यातली वाक्ये फुटपाथवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

हे मी चहाच्या वेळी कन्येला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे काल आई जे बोलली ते खोटं होतं?"

मी म्हणालो, तसे नाही. ती म्हणाली, मग कसे? याचे उत्तर मला त्या दिवशी चटकन देता आले नाही. आज देतो, जमेल तसे.

मघाशी म्हटले की आमच्या आजोळी वेगळी सोय होती. ती म्हणजे कौल. कोकणात आणि गोव्यात हे सर्वांना ठाऊक आहे: देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला. माझ्या आजीला एकदा गाय घ्यायची होती आणि समोर दोन गायी होत्या. मी लहान होतो, पण ते चार दिवस मला स्पष्ट आठवतात. तिने दोन्ही गायींचे दात पाहिले. कास हाताने चाचपली. धन्याच्या दारात सकाळ-संध्याकाळ उभे राहून आपल्यादेखत दूध काढायला लावले. वासरू कसे पिते ते पाहिले. धनी गाय का विकतो आहे ते त्याच्या शेजारणीला विचारले. एवढे सगळे झाल्यावर, दोन्ही सारख्याच वाटू लागल्या तेव्हा, ती देवळात गेली. कौल तांबडीच्या बाजूने पडला. तांबडी निघाली लाथाळ. दूध भरपूर, पण काढताना मागचे पाय दोरीने बांधावे लागत. आजीने ती बारा वर्षे सांभाळली आणि देवाला एकदाही बोल लावला नाही. कोणी म्हटलेच, तर म्हणायची, "देवान सांगलां, पण दावां माझ्या हातात होतां."

आजीला आणि फोनवरून पत्ते पाहून घेणाऱ्या माणसाला मी एका माळेत ओवणार नाही ते एवढ्यासाठी. तिथे दात पाहायला कोणी जात नाही. पलीकडचा अनोळखी माणूस सांगतो, 'काळं मांजर आणा, पांढरं नको', पैसे पोचतात आणि फोन बंद होतो. आमच्या टेबलावर जे बोलले गेले ते तिथे बोललेच जात नाही. नुसता निकाल हातात येतो. आणि निकाल दुसऱ्याचा असला की जनावर सोडून देणेही सोपे जाते. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या वसाहतीत तीन कुटुंबांनी हौसेने कुत्री आणली. टाळेबंदी उठल्यावर त्यांतली दोन एका पहाटे नाक्यावरच्या मंदिराजवळ दिसली, एकाच्या गळ्यात पट्टासुद्धा तसाच. जनावर असे टाकून देणे हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. पण कुत्रे फिर्याद द्यायला जात नाही.

आणखी एक चूक होती, आणि ती पत्त्यांची नव्हे, आमची. आम्ही प्रश्नच असा टाकला होता की पिल्लू की खारी. दोनच पर्याय आहेत असे धरून चालायचे आणि मग त्यांतला एक निवडायचा, ही चूक मी दर वर्षी वर्गात उदाहरणांसह शिकवतो. घरी ती माझ्या लक्षात आली नाही. ती लक्षात आली वर्तमानपत्राच्या मागे बसलेल्या अण्णांच्या.

रविवारी पत्नीने त्या बाईंना नकार कळवला. कळवायला स्वतः गेली, तासभर बसली, आणि परत आली तेव्हा साडीवर पिवळे केस होते. ते तिने झटकले नाहीत. पिल्लू एका शेतकरी कुटुंबाकडे गेले असे नंतर कळले.

सोमवारी मी आणि कन्या खारीला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आजीचे काम उशिराने केले म्हणायचे. दात पाहून त्यांनी वय चार-पाच सांगितले. वजन साडेसोळा किलो. पायाचा एक्स-रे काढला. हाड वाकडे जुळले आहे, पण दुखत नाही. जिने फार चढवू नका, वजन वाढू देऊ नका, आणि खारी देऊ नका, असे तीन हुकूम. रेबीजची लस टोचली, जंतांचे औषध दिले. मी विचारले, "स्वभावाने कशी निघेल?" ते हसले. म्हणाले, "मोठ्या कुत्र्याचं एक बरं असतं, जे आहे ते समोर दिसतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाचं मी छातीठोकपणे काहीच सांगू शकलो नसतो."

घरात करार झाला. तो मी लिहून काढला, कारण लिहिल्याशिवाय मला करार वाटत नाही. पहाटे साडेपाचला फिरवणे माझ्याकडे. रात्रीचे काही असेल ते माझ्याकडे. पुढे तिला उचलावे लागले तर तेही माझ्याकडे. पत्नीने कागद वाचून फ्रिजवर लावला आणि म्हणाली, "पेपर तपासायचे असले तरी?" मी खाली तेही लिहिले.

खारीला मात्र हा करार कोणी वाचून दाखवला नव्हता. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. ती उंबऱ्यापर्यंत यायची, आत डोकावायची आणि परत जिन्याखाली जायची. अकरा दिवस हेच. कन्या रडकुंडीला आली. अण्णांनी दारात खुर्ची टाकली आणि ते तिथे वर्तमानपत्र वाचू लागले. ती खुर्चीच्या बाहेरच्या बाजूला बसू लागली. दार दिवसभर उघडे, त्यामुळे डास फार झाले, एवढीच त्या महिन्याची प्रगती.

मग एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. वीज इमारतीवरच पडली असे वाटावे इतकी मोठ्याने कडाडली. मी खिडक्या लावून स्वयंपाकघरात गेलो, तर ही ओट्याखाली अंग चोरून बसलेली, आणि तोंड मोतीच्या वाडग्यात. वाडगा रिकामाच होता. पत्नीने काही न बोलता त्यात ताकभात कालवला.

आता ती रात्री आत असते, दिवसा जिन्याखाली. आमच्यापेक्षा तिचा वॉचमनवर जास्त जीव आहे हे मी मान्य केले आहे. साडेपाचला मी उठतो. पहिला आठवडा अभिमानाने उठलो, हल्ली नुसताच उठतो.

टॅरोच्या कॅटाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. मागच्या महिन्यात कन्येने तो सोफ्यावर उघडा ठेवला आणि खारीने त्यातला एक पत्ता चावून त्याचा लगदा केला. कोणता गेला ते पाहायला आम्ही सगळे पत्ते मोजायला बसलो. तलवारींची सत्ती गेली होती. एक जरी पत्ता कमी असला तरी भविष्य पाहता येत नाही, असे कन्या म्हणते. मी तिला सांगितले, फ्रान्समध्ये खेळताही येणार नाही. तर सध्या तो 77 पत्त्यांचा कॅट अण्णांकडे आहे. औषधांच्या वेळा लिहायला ते त्यांतल्या पत्त्यांची मागची बाजू वापरतात.